वाफेवरची बॅटरी

बर्फाखालच्या बिळातून बाहेर पडणाऱ्या अस्वलाचा एक फोटो मिळावा म्हणून किरिबुचींनी जपानच्या उत्तरेला होक्काइदोत बारा हिवाळे बसून काढले होते. आजही सकाळपासून ते बायको तोमिएबाईंसह एका बर्फाळ उंचवट्यावर ठाण मांडून होते. थंडीत कॅमेऱ्याच्या बॅटरीनं मान टाकली, तशी त्यांनी ती शेजारी बर्फात पडलेल्या एका भोकातून येणाऱ्या वाफेवर शेकत ठेवली. “खाली गरम झरा असणार. आपल्याकडे जागोजागी आहेत.” तोमिएबाईंनी मासा भरलेला भातगोळाही तिथंच ठेवला. मग बराच वेळ त्या वाफेकडे बघत राहिल्या. “अहो, तुमच्या झऱ्याला दमा आहे का? थांबून थांबून श्वास टाकतोय.” किरिबुचींच्या तोंडचं पाणी पळालं. “ऊठ. हळू. आपण अस्वलाच्या छपरावर बसलोय.” “आणि फोटो? बारा वर्षं डोकं खाल्लंत माझं.” “बॅटरी त्याच्या नाकाशी आहे.” दोघांनी वळून पाहिलं. बॅटरी जागच्या जागी होती. भातगोळा नव्हता.