आठ वर्षांची बॅटरी

जालन्याच्या डॉक्टरांनी तातेरावांच्या छातीतला पेसमेकर तपासला. “मशीन झकास चाललंय. बॅटरी अजून आठ वर्षं जाईल. हृदय मात्र फार थकलंय. मीठ बंद, अन् एकही गोळी चुकवायची नाही.”

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, मालनबाईंच्या हृदयाचे ठोके अधूनमधून थांबत. तुम्हालाही असंच मशीन बसवावं लागेल, असं डॉक्टर त्यांना मागेच बोलले होते. “एका घरात दोन-दोन कशाला?” म्हणत त्यांनी आजही विषय टाळला.

वाटूरला परतल्यावर तातेराव पार बदलले. जेवताना खारं लोणचं मागून घेऊ लागले. एकदा झाडताना मालनबाईंना त्यांच्या खाटेखाली गोळ्यांचा ढीगच सापडला.

“मरायचंय का तुम्हाला?”

“मशीन हाय की. आठ वर्षं त्याला काई होत न्हाई,” तातेराव हसून म्हणाले.

उन्हाळा लागायच्या आत ते गेले. चितेत मशीन फुटतं, म्हणून डॉक्टरांनी ते आधी काढून घेतलं. मुलगा नागसेन पुढं झाला.

“साहेब, आता हे आईला बसवा. बाबांनी तसं बजावून ठेवलंय.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “अरे, वापरलेलं मशीन दुसऱ्याला बसवत नाहीत. त्यांनी मला विचारलं होतं तसं. मला वाटलं, गंमत करताहेत.”

“मंग तुम्ही काय म्हणले?” मालनबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली.

“हो म्हणालो.”