न थांबता

"कुठं निघालास रे दामू, सकाळी सकाळी?"

देवळाच्या ओट्यावरून गोमाने हटकलं तेव्हा दामूच्या हातात ना कोयता होता, ना पिशवी. पायात मात्र पांढरे शुभ्र बूट होते.

प्रेशर उतरवायला चाललोय, हे सांगायची त्याला लाज वाटली. त्यांच्या गावात माणूस शेतावर जातो, एसटीला जातो, मयताला जातो. नुसता चालायला कोणी जात नाही. आदल्याच दिवशी एकाने सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, "पोट उतरवायचंय ना? माझं शेण टाक वाहून."

"बारकूकडं," तो बोलून गेला. "बरं नाय त्याला. बघून येतो."

बारकू ठणठणीत होता. दामूचा लहानपणचा सोबती. बायको गेल्यापासून ओढ्यापलीकडे एकटाच राहायचा, गावात क्वचितच फिरकायचा. त्या वाटेवर दुसरं घर नव्हतं. थाप पचली.

किन्हवलीच्या डॉक्टरांनी चार दिवसांपूर्वी कागदावर एकशे सत्तर आणि एकशे चार लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. साखरही काठावर आली होती. "गोळी देतो. पण रोज चाळीस मिनिटं चालायचं, न थांबता. मध्ये गप्पा नकोत, चहा नको. तीन महिन्यांनी बघू."

दामूचा बाप याच दुखण्याने सात वर्षं पडवीत पडून होता. अर्धं अंग लुळं, तोंडातून शब्द फुटेना. कोणी जवळून गेलं की नुसते डोळे त्याच्यामागे फिरायचे. शेवटी शेवटी दामू मागच्या दारानेच ये-जा करायचा. मरणाची त्याला भीती नव्हती. त्या पडवीची होती.

त्या पहिल्या दिवशी तो खरंच बारकूकडे गेला. तीन चमचे साखरेचा चहा झाला, गप्पांत तास गेला, चालणं बोंबललं. दुसऱ्या दिवसापासून त्याने हिशेब बसवला. घरापासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत वीस मिनिटं, तिथूनच माघारी वीस. मोरीवरून दोन शेतांपलीकडे बारकूचं घर दिसायचं, कुंपणावर वाळत घातलेला तांबडा टॉवेल दिसायचा.

"ये रे दामू, चहा ठेवतो!" बारकू अंगणातून हाक मारायचा.

"उद्या!" दामू मनगटावरचं घड्याळ दाखवून ओरडायचा आणि वळायचा.

परतताना गावात चौकशी व्हायची. बारकूची भावजय ठकू एरवी दर दोन दिवसांनी त्याच्याकडे फेरी मारायची, पण गुडघा धरल्यापासून गेली नव्हती. तिने एकदा दामूला अडवलं. "भावजी, तुमी रोज जाता म्हणून बरं झालं. माझा गुडघा आता चालून देत नाय."

"तू नको जाऊस वयनी. मी हाय ना."

तिचा पोरगा सुरेंद्र मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाला, "काका, शहापूरला दाखवून आणू का त्याला?"

दामूने घाईने हात हलवला. "नको रे. सुधारतोय. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यानं."

महिना झाला. आकडा एकशे अडुसष्ट. दामू घरी येऊन पडवीत बसला तो जेवायलाही उठेना. "छाया, माझी खाट इथंच लागणार बघ," तो बायकोला म्हणाला. "बापाची होती तिथंच."

"असं अभद्र बोलू नका," छायाने बिनमिठाची भाजी पुढे सरकवली. "चाला तुमी. हात टेकू नका."

तो चालला. दात-ओठ खाऊन चालला. दुसरा महिना, आकडा एकशे अठ्ठावन्न. वाटेत कोणी थांबवलं की त्याला संताप यायचा. थांबलो की मेलो, एवढंच डोक्यात बसलं होतं.

होळी आठवड्यावर आली. त्या रविवारी बारकूची हाक आली नाही. दामूला हायसं वाटलं. ओरडण्यात दम तरी जाणार नव्हता. सोमवारी अवकाळी पाऊस पडून गेला. मंगळवारी टॉवेल तसाच कुंपणावर, निथळता, अर्धा चिखलात लोळत होता. बारकूला आळस चढला वाटतं, दामू मनात म्हणाला. जाऊन बघावं का? घड्याळात वीस मिनिटं पुरी झाली होती. तो वळला.

बुधवारी ठकूने विचारलंच. "कसा हाय?"

"मजेत. दोघांनी बसून चहा पिला आता."

गुरुवारी डॉक्टरांनी हातावरचा पट्टा दोनदा फुगवून पाहिला. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. साखरही खाली आली होती. "वाचलात," ते म्हणाले.

दामूला रडूच फुटलं. पडवी टळली होती. मग त्याला बारकू आठवला. तीन महिने 'उद्या, उद्या' करत टोलवलं गड्याला! त्याने बाजारातून खारीचा पुडा घेतला. आज चहा प्यायचाच, सगळी थाप सांगून टाकायची आणि त्याच्या चार शिव्या खायच्या. मोरी ओलांडताना त्याने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

बारकूच्या अंगणात माणसं जमली होती. म्हैस शोधत आलेल्या रंगूने उघड्या दारातून आत पाहिलं होतं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर हात धूत पोलीस पाटलांना सांगत होते, "अर्धं अंग गेलेलं. रविवारी झालं असेल. पण जीव लगेच गेला नाही, मंगळवारपर्यंत तरी होता. उंबऱ्यापर्यंत सरपटत आलाय. वाचा गेलेली, हाक तरी कशी मारणार? कोणी डोकावलं असतं तर वाचला असता."

दामूच्या हातातला खारीचा पुडा चुरगळला.

पाटलांनी वही उघडली. "शेवटचं कोणी बघितलं याला?"

ठकूने पदराने डोळे पुसले आणि गर्दीतून तिला दामू दिसला.

"हे बघा, आलेच दामू भावजी. त्यांनाच इचारा. कालच त्यांनी बारकूसंगं बसून चहा पिलाय."