सहावी सीट

"यापेक्षा मऊ हवी असेल तर काका, घरी गादीवरच बसा," सायकलवाला म्हणाला आणि त्याने स्प्रिंगची रुंद सीट काउंटरवर ठेवली.

चोखंदळरावांनी ती अंगठ्याने दाबून पाहिली. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नकाशे काढायच्या ऑफिसात पेन्सिलीच्या टोकावरून एकोणतीस वर्षं त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं, त्याची ती बक्षिसी. निवृत्त झाले तरी नाव काही निवृत्त झालं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने क्रूझर सायकल घेतली. रुंद हँडल, जाड टायर, ताठ बसून रमतगमत जायचं. "आरामखुर्ची आहे, आरामखुर्ची!" असं बायकोला दहादा ऐकवलं. चौथ्या दिवशी बूड असं ठणकायला लागलं, की ते जेवायलाही एका अंगावर बसू लागले. पण आरामखुर्ची बोचते हे आता कोणत्या तोंडाने सांगणार? मग लपवाछपवी सुरू झाली. बायको कामाला गेली की नवी सीट चढवायची, दुपारभर फिरून बघायचं आणि ती यायच्या आत मूळची सीट परत बसवून ठेवायची. एक सीट पुढून टोचायची, एकीवर घसरायला व्हायचं, एकीचा तर नुसता वासच त्यांना सहन झाला नाही. अडीच महिन्यांत पाच झाल्या.

नापसंत सीटचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. बायकोची सायकल होती ना! नवीकोरी वस्तू वाया कशाला घालवायची? तिची पंधरा वर्षांची चामड्याची सीट त्यांनी पहिल्याच खेपेला भंगारवाल्याला देऊन टाकली. नंतर दर दुसऱ्यातिसऱ्या रविवारी सकाळी ते पाना घेऊन अंगणात बसायचे. जुनी काढ, नवी लाव, दहा मिनिटांचं काम. बायको दारात यायची, सीटवरून हात फिरवायची आणि हसायची. बोलायची काहीच नाही. आपली बायको गरीब स्वभावाची आहे, असं ते मनाशी म्हणायचे आणि हात धुवायला जायचे.

"पण आधीच्या पाच सीटचं काय केलंत?" सायकलवाल्याने विचारलं.

"लावतो एकेक बायकोच्या सायकलला."

"काकूंच्या? अहो, त्यांची सायकल पुढे वाकून चालवायची. असली रुंद सीट तिच्यावर मांड्या सोलून काढते."

"तिची काही तक्रार नाही."

सायकलवाल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काका, काकू रोज संध्याकाळी इथूनच जातात. चालत. सायकल हातात धरून. मला वाटलं पंक्चर असेल, म्हणून एकदा हाक मारली. तर म्हणाल्या, काही नाही हो, जरा पाय मोकळे करतेय."

चोखंदळरावांनी सीटवरचा हात काढून घेतला. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्री करायची. आठ तास उभं राहून चादरी आणि डॉक्टरांचे कोट. तिला कसले पाय मोकळे करायचे होते? आणि रोज ती उशिरा घरात शिरली की ते वर विचारायचे, "सायकल असून एवढा वेळ लागतो कसा?" ती पदराने मान पुसत म्हणायची, "आज काम जास्त होतं." आणि तशीच उभ्याउभ्या स्वयंपाकाला लागायची. अडीच महिने ती घरात फारशी बसलेलीच त्यांना आठवेना. स्वतःच्या बुडाचा एवढा बारीक विचार करणाऱ्या माणसाला तेवढं दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"त्या बघा, आल्याच," सायकलवाला हलक्या आवाजात म्हणाला.

रस्त्याच्या कडेने ती येत होती. एक हात हँडलवर, एक सीटवर. पाय किंचित फाकवून, जपून टाकत होती. चोखंदळरावांना क्षणभर वाटलं, आत जाऊन टायरांच्या मागे लपावं. पण आज लपले असते तर उद्या आरशात बघता आलं नसतं. ते पायरी उतरून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

नवऱ्याला बघून ती चोरी पकडली गेल्यासारखी दचकली. घाईघाईने सायकलवर चढायला गेली, तेव्हा त्यांनी हँडल धरलं.

"कधीपासून चालत येतेस?"

तिने मान खाली घातली. "पहिली सीट लावलीत ना, तेव्हापासून. रागावू नका हं. होईल सवय."

"अगं, मग एका शब्दाने बोलायचं होतंस!"

आता मात्र सगळं सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं. सायकलवाल्यासमोरच सांगायचं, होऊ दे शोभा. चुकलं माझं, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात तिची नजर त्यांच्या खांद्यावरून काउंटरवर गेली. कोऱ्या सीटवरचं प्लास्टिक चमकत होतं. बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"अजून एक?" ती म्हणाली. "अहो, माझ्यासाठी किती कराल!"