लड्डूचं वय

डॉक्टरांनी लड्डूच्या तोंडात बारीक टॉर्च धरला आणि विचारलं, "इतका उशीर का केला?"

रूहीला प्रश्न कळला नाही. टॉवेलात गुंडाळलेला तिचा गिनीपिग टेबलावर थरथरत होता. हनुवटीखालची लव लाळेने चिकटून गेली होती. पूर्वी त्याला उचलायला दोन्ही हात लागायचे. आता तो एका तळव्यावर मावत होता आणि बोटांना बरगड्या लागत होत्या.

"म्हातारा झाला ना तो," ती म्हणाली. "त्याले तरास कमी होईल असं काही द्या. तेवढ्यासाठीच आली मी."

"म्हातारा? फार तर तीन वर्षांचा असेल." डॉक्टरांनी लड्डूचा ओठ बाजूला केला. "पुढचे दात ठीक आहेत, म्हणून वरून काही दिसत नाही. मागे बघ. दाढा वाढून जिभेवर आल्यात. यांच्या दाढा जन्मभर वाढतात, गवत चावून चावून झिजतात. याला भूक आहे, पण गिळता येत नाही. हे सगळं तुझ्या वडिलांना सांगितलं होतं मी. दाढा घासून देतो, उद्या घेऊन या म्हटलं. ते आलेच नाहीत."

"दुसरं कोणी असंल."

"अख्ख्या चंद्रपुरात माझ्याकडे हा प्राणी एवढाच येतो. आणि त्यांच्या कपड्यांना कापूस लागला होता."

रूहीच्या अब्बांचं, रफीकचं, बिनबा गेटजवळ गाद्या भरायचं दुकान होतं. त्या दिवशी दवाखान्यातून परत आल्यावर त्याने लड्डूच्या पाठीवरून हात फिरवला होता. "उमर झाली बेटा याची. डॉक्टर म्हणे, औषध नाई यावर." तेव्हापासून ती लड्डूला पाण्यात भिजवलेलं बिस्किट देत होती. तो धावत यायचा, घास उचलायचा, तोंडात फिरवायचा आणि टाकून द्यायचा. ती त्याला जवळ घेऊन रडायची.

"तेव्हा सोपं होतं," डॉक्टर म्हणाले. "आता अंगात काही उरलं नाही. भूल सोसेल की नाही, सांगता येत नाही. करू?"

"करा."

ती बाहेर बाकावर बसली. शेजारी एकजण आजारी शेळी धरून उभा होता. त्याने काही विचारलं, तिला ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. लड्डूचे डोळे अर्धवट उघडे होते, पोट हळूहळू वरखाली होत होतं. "वाचेल असं वाटतं," ते म्हणाले. "सुरुवातीला गवत वाटून सिरिंजने भरव. बिस्किट बंद. चावायला लागला की हिरवं गवत, पोटभर."

रूही घरी आली तेव्हा रफीक ओसरीवर बसून रजईला टाके घालत होता. लाल साटीनची, तिच्या लग्नाची. माजरीच्या अल्ताफशी लग्न दोन जुम्म्यांवर आलं होतं. तिची अम्मी, अख्तरी, त्याच्याजवळ सुपात कोथिंबीर निवडत होती. रूहीने टॉवेल उन्हात ठेवला आणि उलगडला. लड्डूने डोकं उचललं. नाक हलवत तो अख्तरीच्या सुपापर्यंत सरकला. एक काडी त्याने दातात धरली. सगळे बघत राहिले. काडी हळूहळू आत गेली. खाली पडली नाही.

"खाऊन राह्यला की हा!" रफीक बोलून गेला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. मग त्याला रूहीचा चेहरा दिसला.

"डॉक्टरकडे गेली होती मी," ती म्हणाली.

रफीकने सुई रजईत खोचली, परत काढली.

"तुया सासूचा फोन आला होता, एसटीडीवर," तो म्हणाला. "पोरीले पाठवा, चूहा पाठवू नका म्हणे. आमच्या घरात नाई चालत. आता तुले कसं सांगू, सोडून दे म्हणून? माही हिंमतच नाई झाली. वाटलं, आपल्याआप गेला तर तुले कोनाचा राग नाई येनार. ना त्याह्यचा, ना माहा."

"तो उपाशी मरून राह्यला होता, अब्बा. रोज मायासमोर."

"तुयासाठीच केलं ना बेटा. तू तिथी सुखात राहावं म्हणून."

रूही खाली बसली. तिने आणखी एक काडी लड्डूपुढे धरली. तिचा आवाज चढला नाही.

"अम्मी, तुले माहीत होतं?"

अख्तरी म्हणाली, "मी म्हटलं होतं याह्यले, सांगून द्या म्हणून."

अंगणात ऊन होतं. लड्डू चावत होता. त्याच्या दातांचा बारीक आवाज तिघांनाही ऐकू येत होता.

"अब्बा," रूहीने विचारलं, "तुमी माजरीले गेले होते ना, अल्ताफची चौकशी कराले. पोरगा सोन्यासारखा हाय, एकही व्यसन नाई, सगळे हेच सांगतात, असं म्हटलं होतं तुमी. कोनाले विचारलं होतं तुमी?"

रफीकने अख्तरीकडे पाहिलं. अख्तरीने सूप पुढ्यात ओढलं आणि निवडून झालेली कोथिंबीर पुन्हा निवडायला घेतली.