जेराल्डची खास बाटली

जेराल्डनं ग्लास एका दमात रिकामा केला आणि समोर बसलेल्या संजयच्या अंगाचा तिळपापड झाला.

सिंगल माल्ट व्हिस्की अशी पितात? संजय स्वतः एक पेग तासभर पुरवायचा. आधी वास, मग चमचाभर पाणी, मग जिभेवर थेंब. आणि हा पठ्ठ्या उसाच्या रसासारखी गटकावतो, तरी लोक त्याच्याच तोंडाकडे बघतात!

शनिवारची दुपार होती. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधला जेराल्डचा हॉल माणसांनी भरला होता. जेराल्ड एका मद्यकंपनीत सेल्सला होता. टेबलावर त्यानं आणलेली अमेरिकेतल्या कुठल्याशा छोट्या डिस्टिलरीची बाटली उघडून ठेवली होती.

"आता तिकडे गावोगावी सिंगल माल्ट बनतेय," तो सांगत होता. "सरकारनंही वेगळा प्रकार म्हणून मान्य केलंय. या डिस्टिलरीवाल्यांनी तर मेस्किट नावाच्या तिकडच्या झाडाचं लाकूड जाळून माल्टला धूर दिलाय. स्कॉच विसराल!"

मरीनातल्या हॉटेलचा बार सांभाळणारा व्हर्नन डोळे मिटून म्हणाला, "हबीबी, सहा क्रेट पाठव."

स्कॉच विसराल! एकेकाळी हाच व्हर्नन संजयला विचारल्याशिवाय बाटली निवडत नसे. संजयच्या कपाटात एकोणीस स्कॉच होत्या. कुणाच्याही घरी मंडळी जमली की ग्लास संजयपुढे यायचे. जेराल्डचा तर सगळ्यांत आधी, आणि सगळ्यांत जास्त वेळा. "भर रे संजय, तुझ्या हातानं," म्हणायचा. मग आईच्या आजारपणासाठी म्हणून जेराल्ड वसईला गेला, दोन महिन्यांनी परतला आणि हे अमेरिकन खूळ घेऊन आला. खलास! त्यानंतर संजयला कुणी विचारीना.

बरं, त्यातही मेख होती. टेबलावरची बाटली पाहुण्यांची. जेराल्डची स्वतःची वेगळी, आत स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी. "ती माझी खास," म्हणून हसायचा, पण कुणाला थेंब देत नव्हता. त्याची बायको सुझी आतूनच त्याचा ग्लास भरून आणायची. असे चार-पाच ग्लास रिचवून गडी रविवारी सकाळी चर्चमध्ये सातच्या मिसाला ताजातवाना हजर. संजयचं डोकं मात्र सोमवारपर्यंत ठणकत राहायचं. म्हणजे चांगला माल स्वतःला आणि उरलासुरला आम्हाला! विचार करकरून संजयची झोप उडाली होती.

आज तो तयारीनं आला होता. लेकीच्या, सान्वीच्या, शाळेच्या गुलाबी बाटलीत त्यानं स्वस्त दारू मिळणाऱ्या उम्म अल क्वैनहून आणलेली सगळ्यांत भिकार व्हिस्की भरली होती. जेराल्ड ती पिऊन माना डोलावणार, आणि मग संजय सगळ्यांदेखत त्याचं पितळ उघडं पाडणार.

सुझी दारात आलेल्या पाहुण्यांशी बोलायला गेली तसा तो आत घुसला. खास बाटलीचं बूच काढलं आणि आतलं सगळं सिंकमध्ये ओतलं. रंग छान होता. वास? वासच नाही! मनातल्या मनात तो हसला. ही म्हणे खास! तेवढ्यात बाहेरून त्याच्या बायकोनं, अर्चनानं, हाक मारली. त्यानं घाईघाईनं गुलाबी बाटली त्या खास बाटलीत रिकामी केली, फडक्यानं सांडलेलं पुसलं आणि बाटली मिरवत बाहेर आला.

"आज मी भरतो, जेराल्ड. पूर्वीसारखं."

जेराल्ड चपापला. "अरे, सुझी आणेल ना." मग त्यानं लेबल बघितलं. आपलीच बाटली आहे अशी खात्री झाली तसा त्याचा चेहरा सैल पडला. त्यानं ग्लास पुढे केला. संजयनं काठोकाठ भरला.

जेराल्डनं सवयीप्रमाणे एका दमात संपवला.

आणि तो जागच्या जागी थिजला. डोळे मिटलेले, ग्लास तसाच छातीशी धरलेला.

"अठ्ठावीस दिरहॅमची आहे, मंडळी!" संजय टाळी वाजवून ओरडला. "म्हणजे जेमतेम साडेसहाशे रुपये! मोठे आले सिंगल माल्टवाले! फरकसुद्धा कळला नाही!"

कुणीतरी हसलं. व्हर्नन हसला नाही. सुझी फुग्यांची, वसईकडच्या तळलेल्या पावांची, थाळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं जेराल्डकडे बघितलं, मग बाटलीकडे.

"आधीचं काय केलंत त्यातलं?"

"ओतलं सिंकमध्ये. वासही नव्हता त्याला."

"कसा असेल? कोरा चहा होता तो, संजयभाऊ." तिनं थाळी बाजूला ठेवली. "आईसाठी नव्हता गेला तो वसईला. दारू सोडवायला नेलं होतं त्याला. हिंडून दारू विकायची आणि स्वतः पीत नाही म्हणायचं, कोण माल घेणार? म्हणून हे नाटक. चौदा महिने, संजयभाऊ! चौदा महिने थेंब घेतला नव्हता त्यानं!"

बाटली कुठे ठेवावी ते संजयला कळेना. अर्चनानं तोंडावर पदर घ्यावा तसा हात घेतला होता.

जेराल्डनं डोळे उघडले. सुझीकडे त्यानं बघितलंच नाही. जुन्या दिवसांसारखा हसला आणि रिकामा ग्लास संजयपुढे धरला.

"भर रे संजय," तो म्हणाला, "तुझ्या हातानं."