संबळाचा हात

नवा यांत्रिक हात बसवल्यापासून दत्तोबा रेणक्यांच्या कपातला चहा एकदाही सांडला नव्हता. तरी ते तक्रार घेऊन हातांच्या दवाखान्यात आले.

"पोरी, संबळावर काठी पडते, पण उशिरा. उद्या नातवाच्या लग्नाचा गोंधळ आहे. लोक म्हणतील, म्हातारा संपला."

तिथली तंत्रज्ञ तेजल हिने मनगटाचं झाकण उघडलं. नसेतून येणारा प्रत्येक जलद संदेश म्हाताऱ्याची थरथर समजून हातातला फिल्टर गाळून टाकत होता. संदेश फारच उसळला, की 'तार तुटली' म्हणून लाल दिवा लागत होता.

"काका, तार शाबूत आहे. तुमचं वाजवणंच याला बिघाड वाटतंय."

"माझ्या सासऱ्यालाही वाटायचं."

तेजल हसली. "फिल्टर उतरवते, दिव्यालाही समजावते. पण थरथर परत येईल हं."

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी गोंधळात संबळ असा कडाडला, की विहीणबाईसुद्धा पदर खोचून नाचल्या. लाल दिवा लागला नाही.

मग चहा आला. अर्धा कप दत्तोबांच्या कोऱ्या धोतरावर सांडला. बायकोने डोळे वटारले. दत्तोबा मात्र तो डाग मांडवभर मिरवत होते.

"बघा," ते म्हणत होते, "हात माझाच आहे."