रक्तातलं कॅडमियम

टोळीने लाथ मारून दार फोडलं, तेव्हा बायजाक्काने बोट करून नवरा दाखवला. खाणी संपल्यापासून बॅटऱ्यांना लागणारं, तंबाखूतून अंगात उतरलेलं कॅडमियम अशा टोळ्या सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातून काढत होत्या, आणि दौलतची खबर तिनेच दिली होती. त्याच्या सिगारेटचे चटके तिच्या दंडावर अजून ओले होते.

त्यांनी दौलतला खांबाला करकचून बांधलं, मानेत सुई खुपसली. नळी लाल झाली. तो गुरासारखा ओरडला आणि त्याने मान टाकली. तिने डोळेही मिटले नाहीत.

निघता निघता म्होरक्याने कॅडमियम मोजायचं मीटर तिच्या मनगटाला लावलं. ते कर्कश वाजलं.

“मी जन्मात सिगारेटला शिवले नाही!”

त्याने तिचा जबडा दाबून तोंड उघडलं. दात काळेकुट्ट होते.

“मिश्री लावता ना, आक्का?”

“लावते की. पण मिश्री म्हणजे काय तंबाखू होय?”

म्होरक्याने दौलतच्या रक्ताने माखलेली तीच सुई उचलली.